कच्चे मावळे

देशमाने वहिनींनी काउंटरवर स्टीलची ताटली ठेवली आणि तिच्यावरचा रुमाल बाजूला केला. ताटलीत लाल चिखलाचे सहा गोळे होते. एका गोळ्यातून अर्धी ढाल वर आली होती, दुसऱ्याची नुसती पगडी उरली होती आणि तिसऱ्याच्या डोक्यातून हळिवाचे दोन हिरवे कोंब फुटले होते.

"हे तुमचे मावळे," वहिनी म्हणाल्या.

धनत्रयोदशीची सकाळ होती, अकराचा सुमार. साताऱ्यात मोती चौकाजवळ माझं भेटवस्तूंचं दुकान, आणि त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. देशमाने वहिनी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. मैदानाच्या पार टोकाची मुलगी रांगेत येईल असा त्यांचा आवाज. त्यामुळे आमचं बोलणं आम्हा दोघींत राहण्यातलं नव्हतंच.

त्यांनी पिशवीतून माझ्या किल्ला-किटचा खोका काढला. दिवाळीत पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात, त्याला लागणारं सगळं मी त्या वर्षी एका खोक्यात घालून विकायला काढलं होतं. लाल मातीची पिशवी, किल्ल्यावर गवत म्हणून पेरायला हळिवाची पुडी, सिंहासनावरचे महाराज आणि सहा मावळे. प्लास्टिकचा एक तुकडा त्यात नव्हता. पुडीसुद्धा वर्तमानपत्राची, सुतळीनं बांधलेली. मला त्या खोक्याचा एवढा अभिमान होता की आल्यागेल्याला मी तो उलटासुलटा करून दाखवायची.

वहिनींनीही तो उलटासुलटाच केला. एका बाजूचं मोठ्यानं वाचलं, "दर वर्षी नवी तुकडी. मावळे जमवत राहा." मग खोका फिरवून दुसऱ्या बाजूचं वाचलं, "पर्यावरणस्नेही. पाण्यात सहज विरघळतात." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "शेटे वहिनी, जमवायचं नक्की काय? चिखल?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. वहिनींनी सगळं सविस्तर सांगितलं. त्यांच्या रेवानं, तिसरीतल्या लेकीनं, चार दिवस खपून किल्ला केला होता. हळीव उगवायला किल्ल्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावं लागतं. तिसऱ्या दिवशी मावळ्यांचे पाय गेले, चौथ्या दिवशी मावळे बसले, पाचव्या दिवशी ओळखू येईनात. महाराज तेवढे शाबूत आहेत, बाकी फौज गारद. पोर रात्री जेवली नाही.

आता दुकान हसायला लागलं. मला कोणी हसलेलं खपत नाही, लहानपणापासूनच नाही. चूक दाखवा, भांडा, पण हसू नका. उचलली जीभ, लावली टाळ्याला, असं माझं झालं.

"त्यात माझी काय चूक वहिनी?" मी म्हणाले. "मी कुंभारणीला पक्का माल द्यायला बजावलं होतं. तिनंच फसवलं मला. सरपण वाचवायला न भाजताच माल गळ्यात मारला."

"सरपणच वाचवायचं होतं तर महाराज कशाला भाजले तिनं?" वहिनींनी विचारलं.

मी उत्तर शोधत असतानाच दारातली माणसं बाजूला झाली, आणि मला पायरीवर अनसामावशी दिसली. डोक्यावर पाटी, पदर खोचलेला. मावळे करणारी कुंभारीण ती हीच. तिनं सगळं ऐकलं होतं. कुणाची मदत न घेता तिनं पाटी उतरवून पायरीवर ठेवली.

"तोफा आनल्यात," ती म्हणाली. "ह्या भाजलेल्या हायत, शेटेबाई."

आठ वर्षं ती मला पोरी म्हणत आली होती. ती वळली आणि गर्दीतून निघून गेली. देशमाने वहिनींनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, ताटली तिथेच ठेवली आणि त्याही गेल्या.

खरं काय ते आता सांगते. मावळे कच्चे ठेवायला मीच सांगितलं होतं.

त्याच्या आदल्या दोन वर्षी मी शाडूचे गणपती विकले होते. प्लास्टरचे गणपती विसर्जनानंतर तळ्यात अर्धेमुर्धे तरंगताना बघवत नसत, म्हणून मी हट्टानं शाडूचे आणले, आणि ते हातोहात गेले. बादलीत बुडवा, दोन तासांत माती, ती माती कुंडीत. लोकांनी नावाजलं, पेपरात फोटो आला. माझ्या डोक्यात तेवढंच बसलं की विरघळतं ते चांगलं. श्रावणात मी अनसामावशीच्या अंगणात गेले तीच मुळी ते डोक्यात घेऊन. एकशे चाळीस खोक्यांचे मावळे हवेत, म्हटलं, पण भाजायचे नाहीत.

मावशी मळलेल्या मातीत हात घालून बसली होती. तिनं मान हलवली.

"गनपती बुडवायचा आसतोय, पोरी," ती म्हणाली. "मावळ्याला हुबं ऱ्हायचं आसतंय."

मी तिला पर्यावरण समजावून सांगितलं. होय, तिला. जी बाई चाळीस वर्षं तळ्याची माती, राख आणि घोड्याची लीद कालवून भांडी घडवत होती, तिला मी अर्धा तास मातीबद्दल ज्ञान दिलं. तिनं ऐकून घेतलं. महाराज मात्र भाजूनच देणार, त्यात कुणाचं ऐकणार नाही, एवढं तिनं बजावलं. मी म्हटलं ठीक आहे, देवाधर्माचं काहीतरी असेल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसा माझा बैल.

तिनं माझं का ऐकलं, तेही मला ठाऊक होतं. तिचा मुलगा अंकुश तिशीचा, कामाला वाघ, पण त्याला भट्टी नको होती. सरपण मिळत नाही, धुरावरून शेजारी भांडतात, आईला खोकला लागतो, आणि त्याचं काही खोटं नव्हतं. त्यानं प्लास्टरसाठी रबराचे साचे आणून ठेवले होते. ओतलं की अर्ध्या तासात मावळा तयार, ना धूर ना राख. मायलेकरांचा शेवटी तोडगा निघाला होता तो माझ्या मागणीवर. शेटेबाईंची गिऱ्हाइकं खूश झाली आणि पुढच्या वर्षीचं काम आलं तर भट्टी राहील, नाही तर दिवाळी झाली की ती फोडून तिथे प्लास्टरची शेड.

मावशीनं हे मला सांगितलं तेव्हा वर एवढंच म्हणाली होती, "भट्टी गेली तर मी काय करू गं? बसून भाकरी खायची सवं न्हाई मला."

आणि भर दुकानात तिलाच चोर ठरवून मी मोकळी झाले होते.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरा जण आले. कुणी मावळे रुमालात, कुणी वाटीत, एका आजोबांनी तर औषधाच्या खोक्यात कापूस घालून आणलेले. दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. मी प्रत्येकाला पैसे परत करते म्हणत होते आणि कुंभारणीचं नाव मात्र घेत नव्हते. तेवढ्यानं आपण फार चांगलं वागतोय असं मला वाटत होतं. आमचे हे जेवताना म्हणाले, "तू अनसाबाईंकडे जाऊन ये." मी त्यांच्यावरच डाफरले. यांना डाफरायला मी कधीच कमी केलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी अंकुश रिकाम्या पाट्या न्यायला आला. तो काही बोलेल, भांडेल, असं वाटलं होतं. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो पाट्या एकात एक घालत राहिला आणि जाता जाता म्हणाला, "भाऊबीजेला भट्टी काढतोय."

मी विचारलं, मावशी काय म्हणते.

"आईच म्हनली काढ," तो म्हणाला. "दोन दिस झालं, मातीला हात लावला न्हाई तिनं."

रात्री पूजेला बसले, पण लक्ष्मीपुढे मान वर होईना. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पाडव्याला सकाळीच मी कुंभारवाड्यात गेले. मावशी उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. अंगणात कमरेएवढी गोल विटांची भट्टी, तिला टेकून ठेवलेली पहार. मी उभ्या उभ्याच बोलायला लागले. चुकले, तुमचं ऐकायला हवं होतं, लोकांपुढे खोटं बोलले, माफ करा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते पुसत बोलले. मावशीनं सुपातून एक खडा उचलून बाजूला टाकला.

"माझ्यापाशी कशाला म्हनता?" ती म्हणाली. "मला ठावं हाय की. जितं बोललासा, तितं म्हना."

एवढं बोलून ती पुन्हा तांदळाकडे वळली. चहा विचारला नाही. पाडव्याला दारात आलेल्या बाईला तिनं चहा विचारला नाही, यावरून काय ते समजून मी निघाले.

दुकानात आले आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "किल्ला-किटमधले मावळे विरघळले ही चूक माझी आहे. अनसाबाई कुंभार यांनी मावळे भाजून घ्या असं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. वर त्यांच्यावरच खोटा आळ घेतला. उज्ज्वला शेटे." पुठ्ठा दाराला टांगला. मग ती ताटली घेतली आणि देशमाने वहिनींकडे गेले.

त्यांच्याकडे फराळाला पाहुणे भरलेले. दहा-बारा माणसं, हातात चिवड्याच्या बशा. मी म्हटलं नंतर येते, तर वहिनी म्हणाल्या आताच बोला. मग सगळ्यांसमोर बोलले. कुंभारणीनं फसवलं नाही, मीच तिला भाजू दिलं नाही, आणि दुकानात खोटं बोलले. चकली मोडल्याचा आवाजसुद्धा बंद झाला.

"मला तेव्हाच कळलं होतं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कधी बोलताय तेवढं बघत होते. पण त्या बाईंचं आता काय?"

मी भट्टीचं सांगितलं. बोलणं चालू असताना रेवानं माझ्या हातातली ताटली घेतली आणि गोळे निरखायला लागली. तिला सगळे ओळखू येत होते. हा दरवाजावरचा, हा बुरुजावरचा, हा झोपाळू, याला मी मुद्दाम सावलीत ठेवला होता, असं ती मला दाखवत गेली. मग तिनं विचारलं, "हे परत बरे होतील?"

मला माहीत नव्हतं. जिनं केले तिला विचारावं लागेल, म्हटलं. रेवानं ताटलीवर रुमाल घातला आणि माझ्याकडे परत दिली.

भाऊबीजेला मी ताटली घेऊन पुन्हा मावशीच्या दारात. अंकुशनं भट्टीच्या वरच्या विटांचा एक थर काढून बाजूला रचला होता. मी मावशीला सांगितलं की जिथे बोलले तिथे म्हणून आले. ती म्हणाली, कळलं, अंकुशनं पाटी वाचली तुमच्या दारावरची. मग मी ताटली पुढे केली आणि रेवाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

मावशीनं एक गोळा उचलला, तळहातावर चुरला, तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून मळला. चार दिवसांनी तिचा हात मातीत गेला होता. अंकुश पहार धरून बघत होता.

"ह्येला काय धाड भरलीया?" ती म्हणाली. "भाजलेलं फुटलं तर फुटलं. कच्चं हाय तवर कितींदाबी घडवावं." मग मला विचारलं, "त्या पोरीला तिचंच मावळं पायजेत, का कुनाचंबी चालंल?"

"तिचेच."

"मग तिला घिऊन या. साच्यात तिनंच दाबायचं. म्हंजे तिचं ऱ्हातील."

अंकुश मध्ये पडला. तो चिडलेला नव्हता, त्याचं म्हणणं हिशोबाचं होतं. सहा मावळ्यांसाठी भट्टी पेटवायची म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरायचा. निम्मी रिकामी भट्टी नीट तापत नाही, वरचे कच्चे राहतात, खालचे काळे पडतात. मी विचारलं, किती लागतील. त्यानं भट्टीकडे बघून अंदाज घेतला.

"साशे. कमी न्हाई चालायचं."

मी तुळशीच्या लग्नापर्यंतची मुदत मागितली. आमच्याकडे किल्ले तोवर ठेवतातच, म्हणजे पोरांना मावळे किल्ल्यावर उभे करायला मिळतील. अंकुश म्हणाला, तोवर थांबतो, सहाशे झाले तर पेटवू, नाही तर पहार आहेच. अंकुशनं काढून ठेवलेल्या विटांकडे मावशीनं बघितलं, हे मला दिसलं.

सहाशे मावळे म्हणजे शंभर घरं. खोके गेले होते एकशे चाळीस, आणि वहीत पत्ते होते फार तर साठांचे. पुढचे पाच दिवस मी दुकान ह्यांच्यावर सोडलं आणि स्कूटरच्या पायाशी घमेलं ठेवून सातारा पालथा घातला. प्रत्येक दारात तेच सांगायचं. मी उज्ज्वला शेटे, चूक माझी, चिखल परत द्या. पहिल्या चार-पाच घरांत जीभ अडखळली, मग सवय झाली. सदरबझारात एका गृहस्थांनी मला आत बोलावून लाडू दिला आणि पोटभर बोलून घेतलं. एका घरात मोलकरणीनं गोळे आदल्याच दिवशी झाडून टाकले होते. तिथला मुलगा आणि मी कचऱ्याच्या डब्याशी बसून ते वेचले. कितीतरी घरांत किल्ल्यावर हिरवागार हळीव माजलेला, त्यात एकटे महाराज सिंहासनावर बसलेले, आणि भोवती नुसते लाल डाग.

दारावरच्या पुठ्ठ्यानं उरलेलं काम केलं. लोक वाचायचे, हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन यायचे. या वेळी हसण्याचा राग आला नाही.

कुंभारवाड्यात पोरांची रीघ लागली. मावशीनं शिस्त घालून दिली होती. आधी आपला गोळा आपण मळायचा, त्यातला कचरा वेचायचा, जमेल तेवढी हळिवाची मुळं काढायची. मग लाकडी साच्याला राख लावून माती दाबायची, आणि मावळा निघाला की त्याच्या पायाखाली काडीनं आपली खूण करायची. कुणी चांदणी केली, कुणी आपलं नाव, एका पठ्ठ्यानं अख्खा पत्ता. मावशी एकेकाचा हात धरून दाखवायची. कुणी माती वाया घालवली तर तिचा आवाज देशमाने वहिनींच्या वर जायचा. वहिनी स्वतः एक दिवस रेवाला घेऊन आल्या आणि पोरांच्या दोन रांगा करून गेल्या. मावशीनं त्यांना चहा दिला. मला त्याच कपबशीतला उरलेला मिळाला, बशीतून. मी तो प्रसादासारखा प्यायले.

एकादशीच्या आधी दोन दिवस शेवटचे मावळे सावलीत वाळायला ठेवले. त्या दुपारी अंकुशनं मोजदाद केली. पोरं घरी गेली होती. मी पायरीवर बसले होते, मावशी साचे धूत होती. तो फळ्या-फळ्यांवरून बोट फिरवत गेला, परत आला, पुन्हा मोजलं.

"पाचशे चाळीस," तो म्हणाला. "साठ कमी हायत."

वहीत आता एकही घर उरलं नव्हतं. सगळी दारं वाजवून झाली होती. मावशीनं साचा धुवायचा थांबवला, पण मुलाकडे विनवणी करावी अशी ती बाई नव्हती. ठरलं ते ठरलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून मिटलं.

पोरांनी केलेल्या त्या वाकड्यातिकड्या मावळ्यांतला एक अंकुशनं उचलला, उलटा केला, खालची खूण बघितली, परत जागेवर ठेवला. मग हौदावर जाऊन हात धुतले, बाह्या वर केल्या, आणि आईच्या हातातला ओला साचा घेऊन मातीच्या ढिगापाशी बसला.

"राख दे," तो म्हणाला.

मावशीनं राखेची वाटी त्याच्याकडे सरकवली. साठच्या साठ मावळे त्यानं अंधार पडायच्या आत दाबले. त्याचा हात तिच्यासारखाच चालत होता. प्लास्टरचा हट्ट धरणारा माणूस इतकं सुबक काम करतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. मावशीला माहीत असणार, म्हणूनच ती इतके दिवस थांबली असणार. मधे एकदा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, घरी जा आता. ह्यो करील."

मी स्कूटरवर बसून चौकापर्यंत गेले आणि तिथे थांबून पोटभर रडले.

द्वादशीला, तुळशीच्या लग्नाच्या सकाळी, भट्टी उघडली. उसाचं पाचट आणि शेण्या आदल्या पहाटेच जळून गेल्या होत्या, पण विटा अजून कोमट होत्या. अंगणात पोरं, पोरांच्या आया, दोन-तीन आजोबा. अंकुश भट्टीत वाकून मावळे काढत होता आणि मावशी एकेकावरची राख फुंकून फळीवर मांडत होती. पहिले दहा-बारा निघाले आणि मी घाबरले. मावळ्यांच्या तोंडांवर, छातीवर, ढालींवर बारीक बारीक खड्डे होते.

"हळीव," मावशी म्हणाली. "बी ऱ्हायलं हुतं मातीत. जळून ग्येलं."

म्हटलं संपलं. एवढं करून पुन्हा परत करणार लोक. पण देशमाने वहिनींनी एक मावळा उचलला, चष्मा वर करून न्याहाळला आणि म्हणाल्या, लढून आलेला दिसतोय. झालं, पोरांची खड्डे मोजायची चढाओढ लागली. ज्याच्या मावळ्याला जास्त खड्डे तो जास्त शूर. रेवाच्या झोपाळ्याच्या अंगावर सात निघाले आणि ती अंगणभर ते दाखवत फिरली. मी एका मावळ्यावर पाणी ओतून बघितलं. तो तसाच उभा राहिला.

आज या गोष्टीला सतरा वर्षं झाली. मी अजून किल्ला-किट विकते. आता खोक्यात तयार मावळे नसतात. मातीचा गोळा असतो, साचा असतो, आणि कुंभारवाड्यात भाजून घ्यायची चिठ्ठी. विरघळतं ही ओळ खोक्यावरून कधीच गेली. त्या वर्षीचे खड्ड्यांचे मावळे कोणी विकत मागितले तर लोक देत नाहीत, माळ्यावरच्या डब्यात जपून ठेवतात आणि दर दिवाळीला पुढच्या बुरुजावर उभे करतात. रेवा नोकरीसाठी बंगळूरला गेली तेव्हा तिनं आपले सहाही नेले.

पण त्या सकाळी यातलं काही कुणाला ठाऊक नव्हतं. ऊन चढत होतं, फळ्या भरत चालल्या होत्या, आणि मागची पोरं आपली खूण सापडेना म्हणून पुढच्यांना ढकलत होती. वाईहून कोणाचे तरी मामा आले होते. त्यांनी एक मावळा हातात घेतला आणि पुढच्या दिवाळीला आमच्या गल्लीतल्या पोरांनाही असंच करता येईल का, असं अंकुशला विचारलं. त्यांच्या मागे आणखी एक बाई तेच विचारायला उभी होती.

अंकुशनं भट्टीतून अंग वर काढलं. केसांत राख, कपाळावर काजळी. कोपऱ्यात उभ्या पहारीकडे त्याचं लक्षही नव्हतं. तो अंगणातली गर्दी बघत होता.

"आई," तो म्हणाला, "पुढल्या साली एक भट्टी पुरायची न्हाई."

मावशीनं हातातल्या मावळ्यावरची राख फुंकली, पाय वर करून खालची खूण वाचली आणि तो समोरच्या पोराला दिला.

"आदी ही रिकामी कर," ती म्हणाली. "पोरं खोळंबल्याती."